मानी गोलंदाज हेरॉल्ड लारवुड

क्रिकेटच्या खेळात वेगवान गोलंदाजाचे आयुष्य अल्प असते, असे जाणकार सांगतात आणि ते खोटे नाही. फलंदाज चाळिशीपर्यंत आपली कला टिकवू शकतो. फिरकी टाकणारा गोलंदाज तर वयाबरोबर अधिकच मुरत जातो. वेगवान गोलंदाजाचे भांडवल मात्र त्याचा देह हेच असते, आणि ते भांडवल तो रोज खर्च करीत असतो. धावत येऊन चेंडू सोडताना त्याच्या पुढच्या पावलावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. हा भार दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा आणि वर्षानुवर्षे त्या एकाच पावलाला सोसावा लागतो. म्हणून गुडघा, कंबर, घोटा किंवा पाऊल यांपैकी काहीतरी एके दिवशी दगा देते. त्यानंतर जो पुन्हा मैदानावर उभा राहतो, त्याच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच होय.

अशा पुनरागमनाच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्या आपण आवडीने वाचतो. परंतु ज्याचा पाय बरा झाला, ज्याने देशातील सर्व गोलंदाजांत पुन्हा पहिला क्रमांक मिळविला, आणि तरीही ज्याला कसोटी सामन्याचे मैदान खेळाडू म्हणून पुन्हा कधी दिसले नाही, अशा एका पुरुषाचे चरित्र मी या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. इंग्लंडचा हेरॉल्ड लारवुड हा तो पुरुष. त्यांना झालेल्या दोन इजांपैकी पायाची इजा दीड-दोन वर्षांत भरून आली. दुसरी इजा स्वाभिमानाला झाली होती, आणि तिच्यावर इलाज करण्यास सांगणारा वैद्य त्यांना पसंत पडला नाही.

हेरॉल्डचा जन्म १४ नोव्हेंबर १९०४ रोजी नॉटिंगहॅमशायर परगण्यातील ननकारगेट नावाच्या लहानशा खेड्यात झाला. हे खेडे कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांचे. वडील रॉबर्ट हेही खाणकामगारच होते. गृहस्थ शिस्तीचे, धर्मनिष्ठ आणि क्रिकेटचे शौकीन होते. पाच पुत्रांपैकी हेरॉल्ड हा चौथा. तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. काही दिवस सहकारी भांडारात काम केल्यावर चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला. जमिनीच्या पोटात अंधाऱ्या बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढणारी तट्टे हाकण्याचे काम त्याच्याकडे आले. ज्या वयात आपली मुले आठवी-नववीच्या वर्गात बसलेली असतात, त्या वयात या मुलाचा दिवस भूमीखाली उगवे आणि भूमीखालीच मावळे.

पाठीचा व खांद्याचा कणखरपणा त्याला या कष्टांनीच दिला असावा. उंची बेताचीच, पाच फूट आठ इंचांच्या आसपास. वेगवान गोलंदाज म्हटला की धिप्पाड, ताडमाड पुरुष डोळ्यांसमोर येतो, तसा हेरॉल्ड नव्हता. परंतु त्याची धाव अत्यंत डौलदार होती. पाऊल वाजत नसे आणि अंग ताठ होत नसे. चेंडू सोडताना हात उंच जाई व सगळ्या देहाचा जोर त्या क्षणी एकवटे. त्याच खेड्यात जो हार्डस्टाफ नावाचे एक ज्येष्ठ खेळाडू राहत असत. ते पूर्वी इंग्लंडकडून कसोटी सामने खेळलेले होते. गावच्या मैदानावर या पोराची गोलंदाजी त्यांच्या नजरेत भरली आणि त्यांच्याच प्रयत्नाने हेरॉल्डची नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर चाचणी झाली. १९२४ साली तो परगण्याच्या संघाकडून पहिला सामना खेळला. खाणीचा अंधार कायमचा मागे पडला.

पुढील प्रगती थक्क करणारी आहे. १९२६ च्या जून महिन्यात, एकविसाव्या वर्षी, लारवुड लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले. त्याच वर्षी ओव्हलच्या अखेरच्या सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत मिळून सहा गडी बाद केले, आणि ॲशेस हे मानचिन्ह इंग्लंडकडे परत आले. १९२७, १९२८, १९३१ आणि १९३२ या चार वर्षी इंग्लंडमधील गोलंदाजांच्या सरासरीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. १९२७ साली लॉइस बर्ड या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. हा संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला व त्यांना पाच कन्या झाल्या.

१९२८ च्या अखेरीस ब्रिस्बेन येथे झालेल्या कसोटी सामन्यात त्यांनी अवघ्या ३२ धावांत सहा गडी बाद केले. शिवाय फलंदाज म्हणून ७० व ३७ धावा काढल्या. इंग्लंडने तो सामना ६७५ धावांनी जिंकला. या सामन्यातील आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. डॉन ब्रॅडमन यांचा हा पहिला कसोटी सामना. आणि ऑस्ट्रेलियाचे विख्यात वेगवान गोलंदाज जॅक ग्रेगरी यांचा हा शेवटचा. पूर्वी दुखावलेला ग्रेगरींचा गुडघा या सामन्यात पुन्हा निकामी झाला आणि त्यांची कारकीर्द तेथेच संपली. आपल्या धंद्यात उद्या काय वाढून ठेवलेले असते, याचे जिवंत उदाहरण तरुण लारवुड यांनी त्या दिवशी समोर पाहिले.

येथे त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमधील एक प्रथा सांगणे अवश्य आहे. तिच्यावाचून पुढील कथा कळणार नाही. खेळाडूंचे दोन वर्ग होते. सुस्थितीतील, विद्यापीठात शिकलेले आणि मानधन न घेता खेळणारे ते हौशी अथवा ‘जंटलमन’. खेळाच्या वेतनावर घर चालविणारे ते व्यावसायिक अथवा ‘प्लेअर’. कित्येक मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निरनिराळ्या असत आणि मैदानात उतरण्याचे दरवाजेही निराळे असत. छापील धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत, तर व्यावसायिकाची नंतर. कर्णधारपद हौशी खेळाडूकडेच जावयाचे. त्या काळात इंग्लंडचा पहिला व्यावसायिक कर्णधार लेन हटन यांच्या रूपाने १९५२ साली झाला, आणि हा भेद कायद्याने नष्ट झाला तो १९६२ साली. एकाच संघातून, एकाच विजयासाठी घाम गाळणाऱ्यांमधील हा पंक्तिभेदच होय. पुण्याच्या जिमखान्यावर आपल्या पालवणकर बाळू यांना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या पात्रात मिळत असे, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. लारवुड व्यावसायिक होते. हुकूम द्यायचा तो दुसऱ्याने, आणि चेंडू टाकायचा तो त्यांनी.

१९३० साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये आला, तेव्हा ब्रॅडमन यांनी पाच कसोटी सामन्यांत ९७४ धावा काढल्या. लारवुड यांची प्रकृती त्या वर्षी ठीक नव्हती. तीन सामन्यांत त्यांना केवळ चार गडी मिळाले. मात्र ओव्हलवरील सामन्यात, पावसाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर, छातीच्या उंचीने येणारे चेंडू खेळताना ब्रॅडमन अस्वस्थ झाल्याचे काहींच्या ध्यानात आले. या निरीक्षणातूनच पुढचा सारा इतिहास घडला.

१९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी डग्लस जार्डिन यांची कर्णधार म्हणून निवड झाली. हे जार्डिन जन्माने मुंबईकर. १९०० साली मलबार हिलवर त्यांचा जन्म झाला आणि त्यांचे वडील मुंबईत बॅरिस्टर होते. बुद्धी कुशाग्र, निश्चय कठोर आणि ऑस्ट्रेलियनांविषयी मनात प्रीती नाही, असा हा पुरुष होता. १९३२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पिकॅडिली हॉटेलात त्यांनी नॉटिंगहॅमशायरचे कर्णधार आर्थर कार यांच्यासह लारवुड आणि त्यांचे जोडीदार बिल व्होस यांना जेवावयास बोलाविले. तेथे ब्रॅडमन यांना रोखण्याचा विचार झाला. फलंदाजाच्या शरीराच्या रोखाने, आखूड टप्प्याचे वेगवान चेंडू टाकावयाचे आणि त्याच्या पायाच्या बाजूस क्षेत्ररक्षकांचे कडे उभे करावयाचे, अशी ती योजना होती. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी पुढे या पद्धतीला ‘बॉडीलाइन’ हे नाव दिले. योजना कागदावर करणे सोपे होते. ती मैदानावर उतरविण्यास अचूक आणि अत्यंत वेगवान असा गोलंदाज लागतो, आणि तसा पृथ्वीवर त्या वेळी एकच होता.

सिडनीच्या पहिल्या कसोटीत लारवुड यांनी दोन्ही डावांत पाच-पाच गडी बाद केले. याच सामन्यात पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांनी इंग्लंडकडून पदार्पण करून १०२ धावा काढल्या. पायाच्या बाजूच्या त्या कड्यात उभे राहण्यास मात्र ते राजी नव्हते, असे सांगतात. दुसऱ्या सामन्यानंतर त्यांना पुन्हा संघात घेण्यात आले नाही. पुढे १९४६ साली हेच नवाब हिंदुस्थानच्या संघाचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले. संघातील दुसरे एक वेगवान गोलंदाज गबी ॲलन यांनी तर असे चेंडू टाकण्यास कर्णधाराला स्वच्छ नकार दिला. ॲलन हौशी खेळाडू होते. त्यांच्या नकाराने त्यांचे काहीही बिघडले नाही, आणि १९३६-३७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तेच कर्णधार झाले. खाणकामगाराच्या मुलाला असा नकार परवडला असता काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

१९३३ च्या जानेवारीत ॲडलेडच्या तिसऱ्या सामन्यात वातावरण पेटले. लारवुड यांचा एक चेंडू ऑस्ट्रेलियाचे कर्णधार वुडफुल यांच्या हृदयाच्या वर लागला. पुढे यष्टिरक्षक ओल्डफील्ड यांच्या कवटीला इजा झाली. हे दोन्ही चेंडू पडले तेव्हा पायाच्या बाजूचे कडे लावलेले नव्हते, आणि ओल्डफील्ड यांनी आपलाच फटका चुकल्याचे मोकळ्या मनाने मान्य केले. परंतु खवळलेल्या प्रेक्षकांना या तपशिलाशी कर्तव्य नव्हते. ऑस्ट्रेलियन मंडळाने लंडनला निषेधाची तार पाठविली. दोन देशांच्या सरकारांपर्यंत प्रकरण गेले. या गोलंदाजीत फलंदाजाला धोका होता, यात शंका नाही. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण नसे. निव्वळ नियमांवर बोट ठेवून या पद्धतीचे समर्थन करणे कठीण आहे, आणि प्रस्तुत लेखकही ते करू इच्छीत नाही. प्रश्न एवढाच की, दोष कोणाचा आणि शिक्षा कोणाला?

मालिका इंग्लंडने चार विरुद्ध एक अशी जिंकली. लारवुड यांनी पाच सामन्यांत १९.५१ च्या सरासरीने ३३ गडी बाद केले. ब्रॅडमन यांची सरासरी ५६.५७ वर आली. दुसऱ्या कोणाला ती भूषणावह वाटली असती. ब्रॅडमन यांच्या बाबतीत तो पराभव ठरला.

परंतु या यशाची किंमत सिडनीच्या अखेरच्या सामन्यात, १९३३ च्या फेब्रुवारीत, चुकती झाली. त्या सामन्यात लारवुड यांना फलंदाजीस वरच्या क्रमांकावर पाठविण्यात आले आणि त्यांनी ९८ धावा फटकाविल्या. शतकाला दोन धावा कमी असताना ते बाद झाले, तेव्हा ज्या प्रेक्षकांनी त्यांना महिनोन्‌महिने शिव्याशाप दिले होते, त्यांनीच उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात गोलंदाजी करीत असताना मात्र कठीण जमिनीवर वर्षानुवर्षे आपटलेले त्यांचे डावे पाऊल निकामी झाले. त्यातील हाड मोडले होते. पाऊल टेकविणेही अशक्य झाले. जार्डिन यांनी षटक पुरे करण्यास सांगितले. लारवुड यांनी उरलेले चेंडू जागेवर उभे राहून, धाव न घेता टाकले. समोरच्या वुडफुल यांनी ते निमूटपणे परतविले. त्यानंतरही त्यांना मैदान सोडण्याची परवानगी मिळाली नाही. ब्रॅडमन खेळत होते, आणि लारवुड मैदानात आहेत एवढ्यानेही त्यांच्या मनावर दडपण राहील, असा कर्णधाराचा हिशेब होता. ब्रॅडमन ७१ धावांवर व्हेरिटी यांच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाले, तेव्हा जार्डिन यांनी लारवुड यांना जाण्याची खूण केली. मालिकेतील ते दोन प्रमुख प्रतिस्पर्धी, एक बाद झालेला व एक लंगडणारा, शेजारी शेजारी चालत, एकमेकांशी अवाक्षर न बोलता तंबूत परतले. त्या दिवसानंतर लारवुड कसोटी सामन्यात कधीच उतरले नाहीत. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते.

न्यूझीलंडमधील उरलेला दौरा सोडून ते बोटीने मायदेशी परतले. लोकांनी त्यांचे वीरासारखे स्वागत केले. १९३३ चा उन्हाळा पाय बरा करण्यात गेला. गोलंदाजी त्यांनी जवळजवळ केलीच नाही. फलंदाज म्हणून तेवढे ते खेळत राहिले. वेगवान गोलंदाजाला असा काळ फार जड जातो. हाड सांधते, वेदना थांबते, पण पाऊल जोराने टेकविताना मन कचरते. त्या कचरण्यावर मात करणे हेच खरे औषध असते, आणि ते औषध दुसरा कोणी देऊ शकत नाही.

याच काळात त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, जी त्यांना पुढे भोवली. त्यांच्या नावाने वृत्तपत्रांत लेख आले, पुस्तकही निघाले, आणि त्यांत ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांवर व खेळाडूंवर कडक टीका होती. लेख व्यावसायिक पत्रकारांच्या साहाय्याने लिहिलेले होते; परंतु खाली नाव लारवुड यांचे होते. इकडे इंग्लंडमधील लोकमतही पालटू लागले. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टरला वेस्ट इंडीजच्या मार्टिन्डेल व कॉन्स्टंटाइन यांनी इंग्लंडच्या फलंदाजांवर हीच पद्धत वापरली. जार्डिन यांनी छातीवर चेंडू झेलीत १२७ धावा काढल्या खऱ्या. पण आपल्या लोकांच्या अंगावर चेंडू येताना पाहिल्यावर ही गोलंदाजी कशी असते, ते इंग्रज प्रेक्षकांना प्रथमच उमगले.

१९३४ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला येणार होता. तो दौरा सुरळीत पार पडावा, अशी एम. सी. सी. या शासक मंडळाची निकड होती. दोन देशांचे संबंध आणि दौऱ्यापासून मिळणारे उत्पन्न, दोन्ही त्यावर अवलंबून होते. जार्डिन यांनी आपण ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळणार नाही, असे आधीच जाहीर करून टाकले होते. तत्पूर्वी, १९३३-३४ च्या हिवाळ्यात, ते संघ घेऊन हिंदुस्थानात येऊन गेले होते आणि आपल्या भूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईच्या जिमखान्यावर त्यांच्याच नेतृत्वाखालील संघाविरुद्ध झाला होता. राहिले लारवुड. त्यांचा पाय आता बरा झाला होता. नॉटिंगहॅमशायर मंडळाचे धनाढ्य आश्रयदाते सर ज्युलियन कान यांनी त्यांना बोलावून घेतले. लारवुड यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, एम. सी. सी.ची क्षमा मागणाऱ्या पत्रावर सही करावी, म्हणजे कसोटी संघाचे दार उघडेल, असे त्यांना सुचविण्यात आले.

लारवुड यांनी सही केली नाही. आपण कर्णधाराच्या आज्ञेबाहेर एक चेंडूही टाकलेला नाही; तो कर्णधार त्याच मंडळाने नेमलेला होता; मग क्षमा कशाची, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. जून महिन्यात त्यांनी एका रविवारच्या वृत्तपत्रातून आपली बाजू मांडली आणि आपण ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळणार नसल्याचे सांगून टाकले. झाले! दार दोन्ही बाजूंनी बंद झाले. त्या वर्षी कसोटी संघात त्यांचे नाव आले नाही, आणि पुढेही कधी आले नाही. त्यांचा पाठीराखा असलेले आर्थर कार यांचेही कर्णधारपद त्या वर्षाअखेर गेले.

निर्णयाची योग्यायोग्यता ठरविणे सोपे नाही. त्यांचे सोबती बिल व्होस यांनी मंडळाशी जुळवून घेतले. १९३६ साली ते कसोटी संघात परतले आणि १९३६-३७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी २६ गडी बाद केले. व्होस यांना कोणी भ्याड म्हणणार नाही. बायकामुले असलेल्या माणसाने व्यवहार पाहिला, यात लाजिरवाणे काही नाही. लारवुड यांनीही थोडे नमते घेतले असते, तर आणखी कितीतरी कसोटी सामने त्यांना मिळाले असते. हे सर्व खरे आहे. परंतु जुळवून घेणे वेगळे, आणि जो अपराध आपण आपला मानीत नाही त्याखाली सही करणे वेगळे. मुंबईच्या मलबार हिलवर जन्मलेला कर्णधार सन्मानाने बाजूस झाला. त्याच्याकडे कोणी क्षमापत्र मागितल्याचे ऐकिवात नाही. क्षमा मागावयाची ती वेतनावर खेळणाऱ्याने. लारवुड यांना सलली ती ही गोष्ट.

कसोटीचे दार बंद झाले तरी त्यांनी आपला हात थांबविला नाही. या चरित्रातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच होय. जुना वेग पूर्णपणे परत येणार नव्हता, हे त्यांनी ओळखले. धाव कमी केली, चेंडूचा टप्पा व दिशा यांवर अधिक भर दिला, आणि केवळ वेगाने जे साधे ते बुद्धीने साधण्याचा अभ्यास केला. १९३५ साली त्यांनी हंगामात शंभरावर गडी बाद केले. १९३६ साली तर १२.९७ या अत्यल्प सरासरीने ११९ गडी बाद करून ते पाचव्यांदा इंग्लंडच्या गोलंदाजांत अव्वल आले. ज्या वर्षी व्होस ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर चढले, त्याच वर्षीची ही गोष्ट! मोडलेल्या पावलावरचे याहून भरीव पुनरागमन कोणते असणार? फक्त ते कसोटी सामन्यात झाले नाही, म्हणून पुनरागमनांच्या यादीत त्याची नोंद होत नाही. त्या हिवाळ्यात ते थोड्या काळासाठी हिंदुस्थानातही आले होते व येथील युरोपियनांच्या संघाकडून खेळले. १९३८ साली त्यांनी परगण्याचा संघ सोडला. एकूण १४२७ प्रथमश्रेणी बळी आणि २१ कसोटी सामन्यांत ७८ बळी, ही त्यांची कमाई.

यानंतरचा काळ शांत पण उदास होता. युद्धानंतर ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी त्यांनी गोळ्या-चॉकलेटांचे एक लहानसे दुकान थाटले. दुकानावर आपले नाव ठळकपणे मिरविण्याचीही त्यांना इच्छा नव्हती. १९४९ साली एम. सी. सी.ने काही निवृत्त व्यावसायिक खेळाडूंना सन्माननीय सभासदत्व दिले, त्यांत लारवुड यांचा समावेश होता. पंधरा वर्षांपूर्वी ज्या संस्थेची क्षमा मागण्यास त्यांनी नकार दिला, तीच संस्था हात पुढे करीत होती. त्यांनी तो स्वीकारला. मनात अढी धरून बसणारा हा माणूस नव्हता.

त्यानंतर जे घडले, ते कल्पित कथेत वाचले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. १९३२-३३ च्या त्या मालिकेत ज्यांनी ऑस्ट्रेलियाकडून लारवुड यांचे चेंडू अंगावर घेतले होते, ते सलामीचे फलंदाज जॅक फिंगलटन पुढे पत्रकार झाले. ब्लॅकपूलच्या दुकानात येऊन त्यांनी लारवुड यांची भेट घेतली आणि ऑस्ट्रेलियात येऊन स्थायिक होण्यास सुचविले. १९५० साली लारवुड पत्नी व पाच कन्यांसह निघाले. बोटीचे नाव होते ‘ऑरोन्टेस’. १९३२ साली जार्डिन यांच्या संघाला घेऊन गेलेली बोट तीच! सिडनीत त्यांच्या निवासाची व्यवस्था फिंगलटन यांनी केली आणि त्या खर्चाचा अर्धा भार ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान बेन चिफ्ली यांनी गुपचूप उचलला. चिफ्ली हेही पूर्वाश्रमीचे रेल्वे-इंजिनचालक होते. कष्टकऱ्याचे मन कष्टकऱ्याने जाणले, असेच म्हटले पाहिजे.

ज्या देशात एके काळी त्यांच्या नावाने बोटे मोडली जात, त्याच देशाने त्यांना आपले म्हटले. सिडनीत त्यांनी साधी नोकरी केली, मुलींचे संसार मार्गी लावले. कवटीवर चेंडू खाल्लेले ओल्डफील्ड त्यांचे स्नेही बनले. घरात जार्डिन यांनी त्या विजयानंतर कृतज्ञतेने दिलेले एक चांदीचे राखपात्र होते, आणि ते त्यांनी जपून ठेवले होते. ॲशेस म्हणजे राख. ती परत आणून देणाऱ्याला राखपात्र, असा तो श्लेष. १९७७ साली मेलबर्नच्या शतसांवत्सरिक कसोटी सामन्यास लारवुड आणि व्होस हे दोघेही वृद्ध मित्र उपस्थित होते, आणि प्रेक्षकांनी त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले. एक नमला, एक नमला नाही. पण मैत्री अभंग राहिली. १९९३ साली इंग्लंडच्या राजसत्तेने त्यांना एम. बी. ई. हा किताब दिला. कसोटी मैदान सोडल्याला तेव्हा साठ वर्षे झाली होती आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. २२ जुलै १९९५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, सिडनी येथे त्यांचे निधन झाले.

शिक्षकी पेशात जन्म गेल्यामुळे चरित्र वाचले की त्यातून मुलांनी काय घ्यावे, हा विचार माझ्या मनात सहजच येतो. लारवुड यांचे अनुकरण करून प्रत्येकाने प्रत्येक कागदावर सही नाकारावी, असे मी म्हणणार नाही. संसारात अनेकदा वाकावे लागते, आणि वाकणारा प्रत्येक जण लाचार नसतो. परंतु ज्येष्ठांच्या आज्ञेवरून केलेल्या कामाचा दोष कनिष्ठाच्या माथी मारण्याची रीत ही काही एकट्या इंग्लंडातील नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज कचेऱ्यांत, कारखान्यांत, पेढ्यांवर हाताखालची कामे करीत आहेत. त्यांच्यावर असा प्रसंग येणारच नाही, असे कोण सांगेल? तो आला तर दोन गोष्टी त्यांना ठाऊक असाव्यात. पहिली ही की, असा नकार फुकट मिळत नाही. त्याची पुरेपूर किंमत मोजावी लागते. आणि दुसरी ही की, दार बंद झाल्यावर रुसून घरी न बसता जो आपले काम अधिक चोख करू लागतो, त्याच्या नकाराला वजन येते. १९३४ च्या नकारामागे १९३६ चे ते ११९ बळी उभे नसते, तर जगाने त्याला केवळ हट्ट म्हटले असते.